तुमच्या तक्त्यात आमचा खरा वापरकर्ता कुठे आहे?

डीडॉस हल्ल्यांपासून, म्हणजे असंख्य मशीनवरून एकदम मारा करून सेवा बंद पाडण्यापासून, संरक्षण देणाऱ्या सेवा आणि उपकरणं बनवणाऱ्या सर्व कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर तुमची माहितीपत्रकं पसरली आहेत. आमच्या संस्थेचा संरक्षण-सेवेचा करार संपत आलाय आणि पुढचा करार कोणाशी करायचा, हे ठरवायची जबाबदारी माझ्यावर आहे. पाच कंपन्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. प्रत्येकाची पहिली ओळ नेटवर्कच्या क्षमतेची, इतके टेराबिट प्रतिसेकंद. शेवटची ओळ चोवीस तास मदतीची. मधे सगळीकडे ‘होय’च्या हिरव्या खुणा. पाचही वाचून झाल्यावर कोणती सेवा कुठे कमी पडते, हे मला आमच्या विश्वस्तांना एका वाक्यातही सांगता येईना.

तुमचं काम किती अवघड आहे याची मला जाणीव आहे. तुमच्यासारख्या सेवा नसत्या तर आमच्यासारख्या छोट्या संस्थांनी केव्हाच शटर ओढलं असतं. म्हणूनच हे पत्र तक्रारीपेक्षा मागणीचं आहे. मागणी एकच: हल्ला चालू असताना आमच्या खऱ्या वापरकर्त्यांपैकी किती जण आत पोचले आणि त्यांना किती वेळ ताटकळावं लागलं, हे मोजा आणि छापा. बाकी सगळी तुलना त्यानंतर.

हे मी का म्हणतोय, ते सांगायला एका रात्रीची गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही रक्तदात्यांची नोंद ठेवणारी सेवा चालवतो. रक्तपेढीचा संगणक आमच्या सर्व्हरला विचारतो, अमुक गटाचा दाता किती अंतरावर आहे, आणि आमचा सर्व्हर यादी पाठवतो. यात माणूस कुठे बटण दाबत नाही, एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलतो. अशा सेवेवर कोणी हल्ला का करावा, हे मला आजही उमगलेलं नाही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन खणखणला. सर्व्हरवर शिरलो तर टर्मिनलमध्ये टाइप केलेलं अक्षर दोन-तीन सेकंदांनी उमटत होतं. अर्धवट जोडण्या, म्हणजे सुरू होऊन पूर्ण न झालेल्या, मोजल्या. एरवी हा आकडा दोन अंकी असतो, त्या रात्री रांग काठोकाठ भरली होती. अशा जोडण्यांच्या लोंढ्यावरचा उपाय, सिन कुकीज, चालू होत्या. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९६ साली सुचवलेली ही युक्ती आजही उपयोगी पडते, कारण समोरच्याचं उत्तर येईपर्यंत सर्व्हर त्याच्यासाठी जागाच अडवून ठेवत नाही. त्यामुळे मशीन तग धरून होतं. पण आमच्याकडे येणारी लिंकच गच्च भरली होती. दार कितीही भक्कम असलं तरी रस्ताच तुंबला तर त्या दाराचा उपयोग काय?

मग आमच्या तेव्हाच्या संरक्षण-सेवेला फोन लावला. ती ‘गरज पडेल तेव्हा’ प्रकारातली होती. ओळख पटवणं झालं, तिकीट निघालं, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी) नोंद बदलून ट्रॅफिक त्यांच्या प्रॉक्सीकडे, म्हणजे आमच्या पुढे उभ्या राहणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, वळवला. तरी सर्व्हर गुदमरलेलाच, कारण हल्लेखोराकडे आमचा जुना आयपी पत्ता होता आणि तो थेट तिथेच मारत होता. नवा पत्ता घेतला, फक्त त्या सेवेच्या पत्त्यांवरूनच जोडणी स्वीकारायची असा नियम लावला. या सगळ्याला ४१ मिनिटं लागली. तीनच्या सुमारास त्यांचा डॅशबोर्ड हिरवा झाला. हल्ला थोपवला, असं लिहून आलं. आमच्या गटावर मी तसा निरोप टाकला आणि आडवा झालो.

सकाळी सातला एका रक्तपेढीच्या तंत्रज्ञांचा फोन आला. “रात्रभर तुमच्याकडून यादीच येत नाहीये.” लॉग उघडला. तीन वाजल्यापासून त्यात एकाही रक्तपेढीची विचारणा नव्हती. संरक्षण-सेवेने प्रत्येक येणाऱ्याला आधी जावास्क्रिप्टची परीक्षा देणारं पान दाखवायला सुरुवात केली होती. ब्राउझर ती परीक्षा आपोआप पास होतो. रक्तपेढीच्या प्रोग्रॅमला जावास्क्रिप्ट कळत नाही. त्याला हवी होती यादी, हातात पडलं एक वेब पान, आणि तो चूक नोंदवून थांबला. परत विचारलं, परत तेच पान. चार तास.

महिनाअखेर त्या सेवेचा अहवाल आला. जवळजवळ सगळ्या घातक विनंत्या रोखल्या, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. रोखलेल्यांच्या त्या संख्येत आमच्या रक्तपेढ्याही मोजल्या होत्या. मी तो अहवाल अजून जपून ठेवलाय. आमची साइट पडण्यापेक्षा मला तो जास्त लागला, कारण हल्लेखोराला जे हवं होतं तेच चार तास घडत होतं आणि ते आमच्या बाजूच्या हिशोबात यश म्हणून जमा झालं होतं.

आता तुमच्या पहिल्या ओळीबद्दल. टेराबिटचा आकडा खोटा नाही. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवरचा हल्ला सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत (हजार गिगाबिट म्हणजे एक टेराबिट) गेला तेव्हा सगळे हादरले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत गिटहब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. २०२५ च्या मे महिन्यात क्लाउडफ्लेअर या संरक्षण देणाऱ्या कंपनीने ७.३ टेराबिटचा हल्ला नोंदवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात २२.२ चा. एवढा लोंढा झेलायला मोठं नेटवर्क लागतं, जगभर पसरलेलं लागतं, आणि एकच पत्ता अनेक ठिकाणांहून जाहीर करणारं एनीकास्ट लागतं, म्हणजे लोंढा एका जागी न साचता विभागला जातो. हे सगळं मान्य. पण बिट हे एकच माप झालं. पॅकेटची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, संख्या हे दुसरं, विनंत्यांची संख्या हे तिसरं, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी घाव घालतात. बिट लिंक भरतात. बारीक बारीक पॅकेटांचा मारा राउटर आणि फायरवॉलचा दम काढतो, मग लिंक अर्धी रिकामी असली तरी. विनंत्या थेट अॅप्लिकेशन आणि डेटाबेसला जाऊन भिडतात. गिटहबने आपल्या निवेदनात टेराबिटसोबत सेकंदाला १२ कोटी ६९ लाख पॅकेट हा आकडाही दिला होता. तुमच्या किती माहितीपत्रकांत हे दुसरं माप आहे? माझ्या टेबलावरच्या पाचांपैकी एकात.

तिसऱ्या मापाचं महत्त्व २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच कळलं. एचटीटीपी/२ या वेब पानं मागवायच्या प्रोटोकॉलमध्ये एकाच जोडणीवरून अनेक विनंत्या पाठवता येतात आणि पाठवलेली विनंती रद्दही करता येते. हल्लेखोरांनी विनंती पाठवायची आणि त्याच क्षणी रद्द करायची, असा सपाटा लावला. पाठवणाऱ्याचं काही खर्च होत नाही, सर्व्हर मात्र प्रत्येक वेळी कामाला लागतो. गूगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्या मोजल्या. क्लाउडफ्लेअरवर २० कोटींहून अधिक आल्या, त्याही जेमतेम २० हजार मशीनच्या बॉटनेटकडून, म्हणजे हल्लेखोराच्या ताब्यातल्या मशीनच्या जाळ्याकडून. इथे रुंद पाइप कामाला येत नाही. प्रोटोकॉल उलगडून वाचणारं आणि एका जोडणीवर किती रद्दबातल विनंत्या झाल्या हे मोजणारं काहीतरी वाटेत उभं असावं लागतं. म्हणून तिन्ही मापं द्या, आणि ती तुमच्या अख्ख्या नेटवर्कची नकोत. एका ग्राहकाच्या वाट्याला त्यातलं किती येतं, ते लिहा.

यापेक्षाही जास्त जिव्हाळ्याचा मुद्दा वेळेचा आहे. मे २०२५ चा तो ७.३ टेराबिटचा हल्ला फक्त ४५ सेकंद चालला आणि तेवढ्यात ३७.४ टेराबाइट ओतून मोकळा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमधला ५.६ टेराबिटचा हल्ला ८० सेकंदांचा होता. माणसाने फोन उचलून ‘बोला’ म्हणेपर्यंत असा हल्ला संपलेला असतो. मग ‘१५ मिनिटांत तज्ज्ञ हजर’ ही ओळ मला काय सांगते? तज्ज्ञ हजर होण्याची वेळ वेगळी आणि संरक्षण लागू होण्याची वेगळी. त्यातही तुमच्यातले काही जण ‘तीन सेकंदांत प्रतिबंध’ असं लिहितात, पण घड्याळ कधीपासून लावलं ते लिहीत नाहीत. हल्ल्याचं पहिलं पॅकेट आल्यापासून, की तुमच्या यंत्रणेने तो हल्ला आहे असं ठरवल्यापासून? आमच्यासाठी घड्याळ पहिल्या पॅकेटला सुरू होतं आणि खऱ्या वापरकर्त्याचं काम पूर्वीसारखं होऊ लागलं की थांबतं. मधले ओळखणं, ठरवणं, नियम पसरवणं, ट्रॅफिक वळवणं हे सगळे टप्पे वेगवेगळे सांगा.

गिटहबने २०१८ च्या त्या माऱ्यानंतर हे करून दाखवलं आहे. १७ वाजून २१ मिनिटांनी गडबड लक्षात आली, १७:२६ ला ट्रॅफिक अकमाई या संरक्षण देणाऱ्या कंपनीकडे वळवायची आज्ञा दिली, १७:२१ ते १७:२६ सेवा बंद होती आणि १७:३० पर्यंत अधूनमधून अडखळत होती. मिनिटामिनिटाचा हिशोब त्यांनी जाहीर केला. तो वाचल्यावर त्यांच्याबद्दल माझा विश्वास वाढला. नऊ मिनिटं अडचण आली, हे कबूल केल्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

तुमच्या तक्त्यांत एकमेकांशी तुलनाच होऊ शकत नाही अशा गोष्टीही एका रांगेत बसवलेल्या असतात, त्याचाही त्रास होतो. सर्व्हरवर बसणारा फेल२बॅन, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधली वेगमर्यादा, कर्नलच्या पातळीवर पॅकेट टाकून देणारं एक्सडीपी, इंटरनेट पुरवठादाराचं ब्लॅकहोल, स्क्रबिंग सेंटर (घातक ट्रॅफिक गाळून उरलेला पुढे पाठवणारं केंद्र) आणि कायम पुढे उभा असणारा प्रॉक्सी, हे सहा वेगळ्या जागी बसणारे सहा वेगळे उपाय आहेत. फेल२बॅन लॉग वाचून पासवर्ड चाचपडणाऱ्याला बाहेर काढतो, तेही छान काढतो. पण पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचल्यावर तो जागा होतो, लिंक भरलेली असेल तर त्याच्या हातात काही उरत नाही. स्लोलोरिससारखा हल्ला, जो अर्धवट विनंत्या रेंगाळत ठेवून जोडण्या अडवतो, त्याला उलट टेराबिटवाला स्क्रबर पाहतच नाही, कारण तिथे ट्रॅफिक नगण्य असतो. तो सर्व्हरच्या नीट लावलेल्या वेळमर्यादेने आटोक्यात येतो. आणि जोडणीची नोंद ठेवणारी महागडी फायरवॉल सगळ्यांच्या पुढे बसवली, तर तिचंच नोंदवहीचं कोष्टक आधी भरतं आणि ती स्वतःच अडथळा बनते. हे मी दोनदा पाहिलं आहे.

ब्लॅकहोलबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. पुरवठादार आमच्या पत्त्यावर येणारं सगळं फेकून देतो, खरं-खोटं न पाहता. शेजारच्या ग्राहकांचा जीव वाचतो, हे खरं आहे आणि काही वेळा तेवढंच हातात असतं. पण आमची साइट त्या क्षणी पूर्ण बंद झालेली असते. याला ‘डीडॉस संरक्षण समाविष्ट’ म्हणून जाहिरातीत लिहू नका. लिहायचंच असेल तर ‘हल्ला झाल्यास आम्ही तुमचा पत्ता बंद करू’ असं लिहा. त्यातल्या त्यात फ्लोस्पेक देणारा पुरवठादार बरा. त्यात ठरावीक पोर्टवरचा, ठरावीक आकाराचा ट्रॅफिकच तेवढा टाकून देता येतो. उदाहरणार्थ, गिटहबवरचा मारा मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणाऱ्या) सर्व्हरांवरून उसळून आला होता, त्याचा स्रोत-पोर्ट ११२११ होता, आणि वेब सर्व्हरला त्या पोर्टवरून यूडीपी पॅकेट येण्याचं काही कारणच नसतं.

कायम पुढे उभ्या असणाऱ्या प्रॉक्सीकडे माझा कल आहे, तो का हे वरच्या सेकंदांच्या हिशोबात आलंच. पण त्याचीही किंमत तुमच्या तक्त्यात दिसायला हवी. एक म्हणजे टीएलएस, म्हणजे संभाषण गुप्त ठेवणारं सांकेतिकीकरण, उलगडायचं तर खासगी किल्ली किंवा तिचा वापर तुमच्या हाती द्यावा लागतो. रक्तदात्यांचे फोन नंबर तुमच्या मशीनच्या मेमरीतून उघडे जातात. कोणत्या देशातल्या मशीनमधून, हे आम्हाला निवडता येतं का? दुसरं, मूळ सर्व्हरचा पत्ता लपलेला राहिला तरच या सगळ्याला अर्थ. जुन्या डीएनएस नोंदी, सर्व्हरने स्वतः पाठवलेल्या मेलचे हेडर, प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवह्यांत दिसणारी उपडोमेनची नावं, यातून तो फुटतो. आमचा असाच फुटला होता, मेलमधून. सेवा सुरू करून देताना हे तपासून देणारी एकही कंपनी मला अजून भेटलेली नाही.

तिसरं, तुम्ही स्वतः पडलात तर? १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरमध्ये बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि असंख्य साइट तासन्‌तास बंद पडल्या. हल्ला कोणीच केला नव्हता. ३० जुलै २०२४ ला मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउड सेवेवर हल्ला झाला खरा, पण संरक्षण-यंत्रणेच्या अंमलबजावणीतल्या चुकीमुळे त्याचा फटका कमी होण्याऐवजी वाढला, असं त्यांनीच सांगितलं. दोघांनीही ते जाहीरपणे मांडलं, याचा मला आदर वाटतो. म्हणून तुमच्या प्रत्येकाकडून मला एक उत्तर हवं आहे: तुमची तपासणी-यंत्रणा कोलमडली तर ट्रॅफिक न तपासता पुढे जातो, की सगळाच थांबतो? आणि आम्हाला तुम्हाला वगळून तात्पुरतं थेट चालायचं असेल, तर ते बटण कोणाच्या हातात आहे? तुमचंच नियंत्रण-पान बंद असताना ते दाबता येतं का?

खऱ्या माणसाला अडवण्याचा प्रश्न आमच्या रक्तपेढ्यांपुरता नाही. मोबाइल नेटवर्कवर शेकडो ग्राहक एकाच जाहीर आयपी पत्त्यामागे असतात. एका पत्त्याला मिनिटाला अमुकच विनंत्या असा नियम लावला की त्या घोळक्यातला एक संसर्गित फोन सगळ्यांना बाहेर काढतो. स्क्रीन-रीडर वापरणाऱ्याला चित्रांचा कॅप्चा ओलांडता येत नाही. तुमच्या डॅशबोर्डवर हे सगळे ‘रोखलेले धोके’ म्हणून मोजले जातात आणि आलेख उंच दिसतो. मला या आलेखाशेजारी दुसरी रेघ हवी आहे. आम्ही आमच्या ओळखीच्या क्लायंटना एक खूण लावून देऊ, दर मिनिटाला त्यांच्याकडून ठरावीक विनंत्या पाठवू. त्यातल्या किती आत आल्या, ती रेघ. हे करायला फार मोठं संशोधन लागत नाही.

बिलाबद्दल थोडक्यात. क्लाउडफ्लेअरने २०१७ पासून हल्ल्याचा ट्रॅफिक न मोजण्याचं धोरण ठेवलं आहे. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत शील्ड या संरक्षणाची मूलभूत पातळी सगळ्यांना आपोआप मिळते, पण हल्ल्यामुळे फुगलेलं बिल परत मिळण्याची सोय वरच्या, पैसे भरून घेतलेल्या पातळीवर आहे. अझ्युरमध्येही तसंच, एकेका आयपीसाठी घेतलेल्या योजनेत ती सोय नाही. ज्याचं त्याचं धोरण ज्याला त्याला लखलाभ, फक्त ते तळटीपेत न जाता तक्त्यात यावं. हल्ला आमच्यावर आणि बिलही आमच्यावर, हे करार केल्यानंतर कळू नये.

मोफत संरक्षण देणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे, आणि तो कृतज्ञतेनेच विचारतो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या साइटवर मिराई बॉटनेटने सुमारे ६२० गिगाबिटचा मारा केला. अकमाई त्यांना विनामूल्य सांभाळत होती. तिने तो हल्ला झेलला, पण पैसे भरणाऱ्या ग्राहकांवर ताण येऊ लागल्यावर हात सोडवून घेतला. मग गूगलच्या प्रोजेक्ट शील्ड या मोफत संरक्षण-सेवेने साइट आपल्याकडे घेतली. कंपनीने असं का केलं, हे मी समजू शकतो. पण कोणत्या मर्यादेपलीकडे तुम्ही आम्हाला सोडाल आणि आधी किती वेळ कळवाल, हे लिहून द्या. ते माहीत असेल तर आम्ही दुसरी सोय तयार ठेवू.

ज्यांचं स्वतःचं नेटवर्क आहे त्यांना एक शेवटची विचारणा. खोटा स्रोत-पत्ता लावलेली पॅकेट आपल्या नेटवर्कबाहेर जाऊ देऊ नयेत, ही शिफारस आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मे २००० पासून लिहिलेली आहे. मेमकॅश्ड, डीएनएस, एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) यांच्यावरून उसळवलेले सगळे हल्ले या खोट्या पत्त्यांवरच चालतात: विचारणारा ज्याच्यावर हल्ला करायचा त्याचा पत्ता लावतो आणि उत्तरांचा लोंढा तिकडे जातो. तुमच्या नेटवर्कच्या प्रत्येक कडेवर ही गाळणी आहे का? संरक्षण विकणाऱ्याकडून याचं उत्तर ‘होय’ असंच यायला हवं, आणि ते तपासता यायला हवं.

आमच्या कराराचे अकरा आठवडे उरलेत. काही मोठ्या क्लाउड कंपन्या मान्यताप्राप्त चाचणी-भागीदारांमार्फत ग्राहकाला स्वतःवरच कृत्रिम हल्ला करून पाहू देतात. आम्हालाही तेच करायचं आहे, लेखी परवानगीने, पुरवठादाराला कळवून. तुमच्यापैकी जे तयार होतील त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यातले चारही रविवार, पहाटे दोन ते चार, आम्ही राखून ठेवले आहेत. तेवढे दोन तास रक्तपेढ्यांसाठी फोनवर माणूस बसवू, म्हणजे यंत्रणा अडखळली तरी यादी थांबणार नाही. खूण लावलेले क्लायंट तयार आहेत. प्रत्येक चाचणीतली दुसरी रेघ, जशी येईल तशी, आम्ही तुमच्या नावासह प्रसिद्ध करू, आणि छापण्याआधी ती तुम्हाला दाखवू.

तारीख कळवा.

आपला,
रक्तदाता-नोंदणी सेवेचे सर्व्हर सांभाळणारा